जुनी टीव्ही-फिल्म बघायची की नाही? लोकांची मतं कशी चाळायची आणि आपलं कसं लिहायचं ('प्रिस्क्रिप्शन: मर्डर' धरून)

जुन्या क्राइम थ्रिलरबद्दल कुणालाही विचारा, दोनच उत्तरं मिळतात. एक तर "अहाहा, काय बनवायचे तेव्हा, आता कुठे राहिलंय तसं", नाहीतर "स्लो आहे यार, अर्ध्यात झोपलो". आणि दोन्ही ऐकून आपल्याला कळत काहीच नाही, कारण पहिला माणूस सिनेमाबद्दल बोलतच नसतो, तो स्वतःच्या तरुणपणाबद्दल बोलत असतो, आणि दुसरा बहुतेक रात्री साडेअकराला पोटभर बिर्याणी हाणून बघायला बसलेला असतो.

तर अशा मतांमधून कामाचं तेवढं कसं उचलायचं यावर लिहितेय. हवेत बोलून उपयोग नाही म्हणून एकच फिल्म धरते, 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर'. अमेरिकेत एनबीसी चॅनेलवर २० फेब्रुवारी १९६८ ला दाखवलेली, खास टीव्हीसाठी बनवलेली, साधारण शंभर मिनिटांची. खुनाचा तपास करणारा पोलीस डिटेक्टिव्ह, लेफ्टनंट कोलंबो, म्हणून नट पीटर फॉक पहिल्यांदा दिसला तो हिच्यात, पुढे याच कोलंबोवर सिरियल निघाली. या फिल्मवर लोकांची इतकी आणि इतकी उलटसुलट मतं आहेत की शिकायला हिच्यासारखी दुसरी नाही.

गोष्ट थोडक्यात. लॉस एंजेलिसमधला एक बडा मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. रे फ्लेमिंग, काम केलंय जीन बॅरीने. देखणा, हुशार, आणि स्वतःच्या हुशारीवर भयंकर खूश. बायको श्रीमंत, बाहेर एका तरुण नटीशी लफडं, ती नटी म्हणजे त्याचीच पेशंट, आणि बायकोला वास लागलेला. मग हा काय करतो, बायकोचा गळा आवळतो, त्या नटीला बायकोचे कपडे घालून विमानात घेऊन जातो, तिथे चारचौघांत दोघं भांडल्याचं नाटक करतात, ती तणतणत खाली उतरते आणि हा एकटाच मेक्सिकोत आकापुल्कोला निघून जातो. म्हणजे काय, बायको तर जिवंत होती, विमानातल्या सगळ्यांनी पाहिली, मी गेल्यावर घरी चोर शिरला असणार. हे सगळं तुम्हाला सुरुवातीलाच दाखवतात. लपवलेलं काही नाही. पुढचा सगळा खेळ एवढाच की हा माणूस पकडला कसा जातो.

हे मी सांगितलं म्हणून चिडू नका, स्पॉयलरचं पुढे येतेय.

पहिलं काम: मत वाचायच्या आधी मत देणारा कुठून आलाय ते बघा

हे एवढं केलंत तरी निम्मं काम झालं. जुन्या टीव्ही-फिल्मबद्दलचं मत म्हणजे बघणाऱ्याने ती कधी, कशानंतर आणि कुठल्या अपेक्षेने बघितली याचा हिशोब असतो, फिल्म त्यात नंतर येते. म्हणून स्टार किती दिलेत, दहापैकी किती, ते आधी झाकून ठेवा आणि त्या माणसाने स्वतःबद्दल नकळत काय सांगितलंय ते शोधा, एखादं वाक्य तरी असतंच.

कोलंबोच्या बाबतीत सगळ्यात मोठी गर्दी आहे ती उलट्या बाजूने आलेल्यांची. यांनी आधी सिरियल बघितलेली असते, जी १९७१ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि मग मधे खंड पडत पडत २००३ पर्यंत चालली. तो चुरगळलेला रेनकोट, ती मोडकी पूजो गाडी, तो आळशी कुत्रा, ते डोकं खाजवत दारातून परत येणं, हे सगळं डोक्यात घेऊन माणूस १९६८ ची फिल्म लावतो आणि म्हणतो, "हा तो कोलंबो नाहीच". बरोबर बोलतोय तो! केस नीट विंचरलेले, कोट बराच सरळ, गाडीचा पत्ता नाही, कुत्रा तर १९७२ मध्ये आला. स्वभावही वेगळा. पुढचा कोलंबो गोड बोलून, बायकोच्या गोष्टी सांगून समोरच्याला दमवतो, आणि इथला कोलंबो एका प्रसंगात त्या नटीवर चक्क ओरडतो, आवाज चढवून, तिला रडकुंडीला आणतो. सिरियलचे चाहते इथे हमखास दचकतात आणि "कॅरेक्टर अजून सापडलं नव्हतं" असं लिहून मोकळे होतात.

आता हे मत तुमच्या कामाचं आहे का? तुम्ही सिरियल बघितलेली असेल तर आहे, मनाची तयारी होते. बघितलेलीच नसेल तर शून्य कामाचं, उलट तुम्ही नशीबवान, तुम्हाला हा माणूस जसा आहे तसा दिसेल. आणि माझं विचाराल तर मला हाच कोलंबो जास्त आवडतो. पुढे पुढे तो इतका लाडका झाला की त्याची भीती वाटेनाशी झाली, इथे मात्र त्या भोळेपणाच्या आड काहीतरी धारदार आहे हे सारखं जाणवत राहतं. पण हे झालं माझं मत, मीही उलट्याच बाजूने आलेय, तेव्हा मलाही तोच नियम लावा.

दुसरी गर्दी आठवणीवाल्यांची. यांचं मत प्रेमळ असतं पण त्यातून थोडं वजा करायचं. एक साधी गोष्ट लक्षात घ्या, १९६८ मध्ये महाराष्ट्रात टीव्ही नव्हताच, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, त्यामुळे आपल्याकडचं कुणी "आम्ही तेव्हा बघितली होती" म्हणत असेल तर ते तेव्हा म्हणजे बऱ्याच नंतरचं तेव्हा, नाहीतर अमेरिकेत राहिलेल्या काकांचं तेव्हा. ज्या अमेरिकन प्रेक्षकाने त्या रात्री खरंच बघितली त्याला ती एकदाच दिसली, रिवाइंड नाही, रेकॉर्डिंग नाही, घरगुती व्हिडिओ यायला अजून सात-आठ वर्षं होती. तसल्या आठवणीत फिल्म कमी आणि घरातला तो सोफा जास्त असतो. वाचायला छान, निर्णय घ्यायला नको.

तिसरी गर्दी नटाच्या मागून येणाऱ्यांची, दिग्दर्शकाच्या मागून येणाऱ्यांची, किंवा जे जुनं ते सगळं बघतात अशांची. यांचं ऐका. यांनी अशा पन्नास टीव्ही-फिल्म बघितलेल्या असतात आणि त्यांना तुलना करता येते.

"स्लो आहे" म्हणजे नक्की कुठे?

हा शब्द दिसला की थांबायचं आणि विचारायचं, कुठे स्लो? ज्याने जागा सांगितलीय त्याचं मत घ्यायचं, ज्याने नुसतं "स्लो" लिहिलंय त्याला रामराम.

या फिल्ममध्ये दोन जागा आहेत. पहिली म्हणजे सुरुवात. कोलंबो पडद्यावर येतो साधारण अर्ध्या तासाने. तोपर्यंत डॉक्टर, बायको, घरातली पार्टी, ती नटी, मग खून, मग विमान. ज्याला फक्त कोलंबो बघायचाय त्याला हा अर्धा तास जड जाणारच. पण खरं तर ही तयारी आहे, कारण हा खुनी किती बारीक विचार करतो ते तुम्ही स्वतः बघितलेलं नसेल तर पुढे तो एकेक करून उघडा पडताना मजा कसली येणार? त्यामुळे "पहिला अर्धा तास स्लो" हे मत खरं आहे, पण "म्हणून बघू नका" हे त्यातून निघत नाही. निघतं एवढंच की अर्ध्या तासाआधी बंद करू नका.

दुसरी जागा संवादांची. दोन माणसं खोलीत बसून बोलतात, बोलतात, बोलतात. यावर "स्टेजी आहे, नाटकासारखं वाटतं" असं मत हमखास येतं, आणि देणाऱ्याला बहुतेक माहीत नसतं की ते नाटकच आहे. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक, शाळेपासूनचे दोस्त, यांनी ही गोष्ट आधी १९६० मध्ये टीव्हीवर छोट्या स्वरूपात केली, तेव्हा कोलंबो झाला होता बर्ट फ्रीड. मग तिचं नाटक केलं, १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लागलं, डॉक्टर झाला जोसेफ कॉटन आणि कोलंबो झाला थॉमस मिचेल, म्हातारा, सत्तरीला टेकलेला कसलेला नट, तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात गेला. फिल्म त्या नाटकावरून आलीय. डिटेक्टिव्ह वयस्कर असावा हीच मूळ कल्पना होती, आणि फॉक तेव्हा जेमतेम चाळिशीचा, त्यामुळे "हा जरा तरुण वाटतो" असंही कुणी लिहिलेलं दिसलं तर त्या मतामागे हा इतिहास आहे.

आणि आपण मराठी माणसं, आपल्याला नाटकासारखं वाटलं तर तक्रार कसली? दोन नट, एक सोफा, आणि शब्दांची चकमक, यासाठी आपण तिकीट काढून जातो. हा मुद्दा म्हणूनच अमेरिकन प्रेक्षकाच्या मताला तसाच्या तसा उचलू नका, त्याला जे खटकलं ते तुम्हाला रुचायची शक्यता भरपूर आहे.

यातला एक प्रसंग तर मी पुन्हा पुन्हा बघते. डॉक्टरच्या ऑफिसात दोघं बसलेत, हातात दारूचे ग्लास, आणि कोलंबो विचारतो की समजा, नुसतं समजा, असा कुणी खुनी असेल तर तुमच्या शास्त्राप्रमाणे तो माणूस कसा असेल? डॉक्टरही मजेत, निवांतपणे, जणू तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं त्या खुन्याचं वर्णन करतो, आणि मग तोच कोलंबोचं विश्लेषण सुरू करतो, की तू हा बावळटपणाचा मुखवटा घालून फिरतोस, लोकांनी तुला कमी लेखावं हेच तुला हवं असतं. म्हणजे दोघांनाही माहितीय की खून कुणी केलाय, दोघांनाही माहितीय की दुसऱ्याला माहितीय, आणि तरी दोघं सभ्यपणे दारू पीत बसलेत. पाठलाग नाही, बंदूक नाही. ज्याला हा प्रसंग कंटाळवाणा वाटला त्याचं बाकीचं मत माझ्यापुरतं तरी मी बाजूला ठेवते, आणि तुम्हीही फिल्म बघून झाल्यावर असा आपला एक प्रसंग ठरवून ठेवा, पुढच्या वेळी कुणाचं मत धरायचं याची ती चांगली परीक्षा होते.

"खुनी आधीच कळतो, मग काय बघायचं?"

आमच्या बाबांचं पहिलं वाक्य हेच. त्यांचंही चुकत नाही, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत वाढलेला माणूस, पुढे 'करमचंद' बघितलेला, त्याच्यासाठी खुनी शेवटी सापडायचा असतो. आणि सीआयडी बघून मोठी झालेली पोरं, त्यांना तर दरवाजा तोडल्याशिवाय चैनच पडत नाही. या फिल्मचा प्रकारच उलटा आहे, कोणी केलं हा प्रश्न नाही, कसा अडकणार हा प्रश्न आहे.

म्हणून मतं वाचताना बघा की माणसाची तक्रार प्रकाराबद्दल आहे की कामगिरीबद्दल. "सस्पेन्स नाही" असं लिहिणारा प्रकारावर नाराज आहे, त्याला कुठलीही कोलंबो दाखवा तो हेच म्हणणार. "पुरावा पटला नाही", "डॉक्टर इतक्या सहज कसा फसला" असं लिहिणारा प्रकार मान्य करून बोलतोय, त्याचं ऐकण्यासारखं.

आणि इथेच स्पॉयलरची भानगड. अशा फिल्ममध्ये खुन्याचं नाव सांगणं हा स्पॉयलर नाहीच, ते तर फिल्म स्वतःच सांगते. मधले छोटे पुरावेही एखाद-दुसरा सांगितला तर फार बिघडत नाही. स्पॉयलर आहे तो शेवटचा सापळा, कोलंबो अखेरीस काय करतो ते. नेमका तोच लोक पहिल्या दोन ओळीत लिहून टाकतात, कारण त्यांना वाटतं खुनी माहितीच आहे तर बाकी काय लपवायचं. त्यामुळे वाचायचा क्रम असा ठेवा: बघण्याआधी कुठल्याही मताच्या फक्त पहिल्या दोन-तीन ओळी, त्यात माणूस कुठून आलाय ते कळलं की पुरे, आणि "शेवटी", "क्लायमॅक्सला", "स्विमिंग पूल" असलं काही दिसलं की सरळ पुढे सरका. सविस्तर वाचायचं ते बघून झाल्यावर.

बाबांचं काय झालं? तासाभराने पाणी प्यायला उठले ते उभ्या उभ्याच बघत राहिले.

आजच्या चष्म्यातून काढलेल्या चुका

आता हा मतांचा सगळ्यात गमतीशीर ढीग. "विमानात दुसरीच बाई चढते आणि कुणाला कळत नाही? आयडी चेक नाही का? सिक्युरिटी?" नाही हो. अमेरिकेत विमानतळावर प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली ती १९७३ च्या जानेवारीत, तीही विमानं पळवायचा सुळसुळाट झाला म्हणून. १९६८ मध्ये माणूस गेटपर्यंत जवळजवळ बसस्टँडवर गेल्यासारखा जायचा. "डीएनए का नाही बघितला?" गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला ते १९८६ मध्ये, इंग्लंडमध्ये. "सीसीटीव्ही? मोबाइल लोकेशन?" असो.

अशी चूक काढणारं मत दिसलं की आधी तारीख लावून बघायची, त्या वर्षी ते शक्य होतं का. नसेल तर चूक फिल्मची नाही. पण म्हणून सगळ्याच चुका धुडकावू नका, काही खऱ्या आहेत, आणि नीट बघणारे लोक त्या छान पकडतात. उदाहरणार्थ इतकी योजना आखणारा डॉक्टर बायको मेलीय की नाही याची खात्री न करता निघून जातो, ती बेशुद्धावस्थेत सापडते, हॉस्पिटलात नेतात, आणि हा परत आल्यावर कोलंबो सांगतो की ती अजून जिवंत आहे. डॉक्टर माणूस, आणि नाडी बघितली नाही? हा आक्षेप मला पटतो. नाट्य म्हणून तो क्षण जबरदस्त आहे, जीन बॅरीचा चेहरा बघा, पण आक्षेप आहेच.

मग काळाचे आक्षेप, जे चुका नसतात पण दुर्लक्ष करण्यासारखेही नसतात. त्या तरुण नटीला दोन्ही बाजूंनी दाबलंय, डॉक्टरने प्रेमाच्या नावाखाली आणि पोलिसाने कायद्याच्या नावाखाली. ती कच्चा दुवा आहे हे ओळखून कोलंबो तिच्यावर तुटून पडतो. आज बघताना अनेकांना, विशेषतः बायकांना, हे खुपतं आणि त्या तसं लिहितात. त्यावर "तेव्हाचा काळच तसा होता" असं म्हणून गप्प बसवायला जाणारे असतातच. माझं म्हणणं, दोन्ही खरं असू शकतं. प्रसंग ताकदीचा आहे आणि खुपणाराही आहे, आणि ज्या मतात हे दोन्ही एकत्र सापडतं ते मत जपून ठेवा.

प्रिंट, स्क्रीन, आवाज

हे थोडक्यात उरकते पण चुकवू नका. ही फिल्म जुन्या जवळजवळ चौकोनी टीव्हीसाठी काढलेली आहे. आपला आजचा टीव्ही लांबट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ताणून बसवणं चालू असेल तर सगळे नट बुटके आणि रुंद दिसतात, झूम चालू असेल तर कपाळं कापली जातात. "कॅमेरावर्क भिकार" अशी मतं वाचाल त्यातली काही नक्की याच कारणाने आलेली असतात. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे बरोबर.

दुसरं, मधेच चित्र काळं होतं आणि पुन्हा सुरू होतं, ती जाहिरातींची जागा. त्याआधी छोटासा झटका दिलेला असतो म्हणजे प्रेक्षक चॅनेल बदलणार नाही. सलग बघताना हे झटके जरा विचित्र वाटतात, "एडिटिंग तुटक" असं लोक म्हणतात ते हेच. आणि शंभर मिनिटांपेक्षा बरीच कमी लांबी दिसली तर समजा कुठेतरी कात्री लागलीय, दुसरी प्रिंट शोधा. सुरुवातीची नावं मात्र पळवू नका, मानसोपचारवाले दाखवतात तसले शाईचे डाग आणि त्यावर डेव्ह ग्रुसिनचं संगीत, एवढ्यावरूनच काळ कळतो.

सरासरीच्या नादी लागू नका

इतक्या वर्षांनी इतक्या जुन्या टीव्ही-फिल्मपर्यंत पोचतो कोण? ज्याला मुळातच आवड आहे तो. ज्याला असलं काही आवडत नाही तो फिरकतच नाही, मग मत कुठून देणार. त्यामुळे सरासरी आकडा फुगलेला असतोच. त्यापेक्षा मधली मतं वाचा, ज्यांनी धड डोक्यावरही घेतली नाही आणि शिव्याही घातल्या नाहीत, ज्यात एक "पण" आहे. "आवडली, पण मधे वीस मिनिटं डॉक्टरच्याच मागे फिरते." "संथ आहे, पण शेवटची दहा मिनिटं सगळं वसूल." अशा वाक्यातल्या "पण"च्या पुढे जे येतं ते खरं मत.

आणि दोन मतं एकमेकांच्या बरोब्बर उलट असतील आणि दोन्हींनी एकाच प्रसंगाचं नाव घेतलं असेल, तर तो प्रसंग फिल्मचा कणा आहे असं समजायला हरकत नाही. इथे तो प्रसंग म्हणजे नटीवर ओरडण्याचा. अर्धे म्हणतात फॉकचं सर्वोत्तम काम, अर्धे म्हणतात हा कोलंबो नव्हेच. मग ठरवा, असा प्रसंग तुम्हाला बघायला आवडेल का? झालं, निर्णय झाला.

आता तुमचं मत लिहा

बघून झाली ना, मग लिहा, आणि "मस्त आहे, जरूर बघा, पाच स्टार" एवढ्यावर सोडू नका, त्याने कुणाचंच भलं होत नाही. कथा पुन्हा सांगत बसू नका, ती सगळ्यांनी सांगून झालीय. तुम्ही कुठून आलात ते एका ओळीत सांगा, मग एकच प्रसंग किंवा एकच तपशील जवळून दाखवा, मग तुमचा "पण" सांगा. बस.

म्हणजे कसं ते दाखवते. समजा तुम्हाला कोलंबोची नजर आवडली. "कोलंबो खूप हुशार दाखवलाय" असं लिहिलंत तर वाचणारा म्हणेल बरं. त्याऐवजी हे बघा:

"सिरियल बघितलेली नाही, कोलंबो पहिल्यांदाच बघितला. डॉक्टर आकापुल्कोहून परत येतो, सामान घेऊन फ्लॅटमध्ये शिरतो आणि आतल्या खोलीतून एक बुटकासा माणूस बाहेर येतो. तेव्हा काही खटकत नाही. बऱ्याच वेळाने कोलंबो सहज म्हणतो की तुम्ही घरात आलात पण बायकोला हाक नाही मारलीत. अंगावर काटा आला. आपल्याकडे तर चप्पल काढायच्या आधी 'अगं, आलो गं' सुरू होतं, आणि हा माणूस भांडून गेलेला, बायको घरी आहे की नाही माहीत नाही, तरी गप्प, कारण त्याला माहितीय की उत्तर येणार नाही. पण सामानाच्या वजनाचा जो दुसरा पुरावा आहे तो मला जरा ओढूनताणून वाटला."

बघा, यात शेवट फुटला नाही, बघणारा नवखा आहे हे कळलं, फिल्म कशावर चालते हे कळलं, आणि कौतुकाबरोबर कुरकुरही आली. वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याला ही जमेल की नाही. हाक मारण्याचा पुरावा सांगून मी थोडं फोडलं म्हणा, पण असे पुरावे फिल्मभर पेरलेत, एक गेल्याने पोट उपाशी राहत नाही.

लिहिताना काही गोष्टी टाळा. "आजच्या पिढीला कळणार नाही" हे लिहू नका, आजच्या पिढीतलाच कुणीतरी ते वाचत असतो आणि तिथेच उठून जातो. फॉकच्या डोळ्यावरून विनोद नको, त्याचा उजवा डोळा लहानपणीच, तीन वर्षांचा असताना गेला होता, काचेचा होता. मोठमोठी विशेषणं नको, "अप्रतिम" हा शब्द तर काही दिवस सुट्टीवरच पाठवा. आणि जिथे इतर कशाशी तुलना करायची तिथे तारखेने करा, १९६८ च्या फिल्मची तुलना १९६८ च्या आसपासच्याशी, आजच्या वेब सिरीजशी केलीत तर दोघांवर अन्याय. अमेरिकेत टीव्हीसाठी वेगळ्या फिल्म बनवणं सुरूच झालं १९६४ मध्ये, म्हणजे हे सगळं तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं, पैसे कमी, दिवस कमी, त्या मानाने काय केलंय ते बघा.

एक राहिलंच. बघून झाल्याबरोबर लिहू नका. एक रात्र जाऊ द्या. सकाळी चहा घेताना जो प्रसंग आपोआप आठवेल त्यावर लिहा. काहीच आठवलं नाही तर तेही मतच आहे, "ठीक होती, सकाळी काही आठवलं नाही" असं प्रामाणिकपणे लिहून टाका, माझ्या मते ते पाच स्टारपेक्षा जास्त उपयोगी.

फिल्म आवडली तर पुढची घाई करून सिरियलच्या मधल्याच कुठल्या भागावर उडी मारू नका. मधे अजून एक टीव्ही-फिल्म आहे, 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन', १ मार्च १९७१ ची, त्यात खुनी वकीलबाई आहे, ली ग्रँट, आणि डॉक्टरपेक्षा थंड डोक्याची. तिथला कोलंबो हळूहळू ओळखीचा व्हायला लागतो. या दोन झाल्या की मग सिरियल. आणि मित्राला फिल्म सुचवायची असेल तर सोबत माझा हा लेख वगैरे पाठवायची गरज नाही, एवढंच टाइप करा: खुनी कोण ते लगेच कळेल, घाबरू नकोस, पहिला अर्धा तास बंद करायचं नाही, टीव्हीचं झूम काढ, आणि माझ्याशी बोलल्याशिवाय कुणाचंही काही वाचू नकोस.